गरिबाच्या डोळ्यातलं प्लास्टिक

(सांगलीतल्या पोरांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलीतला भाग तसाच ठेवला आहे.)



आज कविता नाही. विद्रोहावर तुम्ही माझ्यापेक्षा बरं लिहिता. आणि मोतीबिंदूचं रूपक करून व्यवस्थेला आंधळी म्हणणं आता चौथीतल्या पोरालाही जमतं. व्यवस्था आंधळी नाही. तिला चांगलं दिसतं. कुणाच्या खिशात किती आहे हे तिला डोळे मिटूनसुद्धा दिसतं. तेव्हा रूपक ठेवा बाजूला. आज खऱ्या मोतीबिंदूवर बोलू. आणि त्यातही एका प्लास्टिकच्या चकतीवर बोलू.

ही चकती साधारण सहा मिलिमीटर रुंद असते. सोनाराच्या गुंजेच्या पाव हिश्श्याइतकंही तिचं वजन भरत नाही. डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढलं की त्याच्या जागी ती बसवतात. कुणाच्या डोळ्यात कुठली चकती बसवायची हे या देशात डोळा बघून ठरत नाही, खिसा बघून ठरतं. आणि खिशाला जात असते, हे मी तुम्हाला शिकवायला नको.

तुम्ही शहरातली पोरं. मुंबईच्या चाळीत वाढलेली, पुण्याच्या झोपडपट्टीत वाढलेली, सांगलीच्या वस्तीत वाढलेली. पण तुमची आज्जी जतला आहे, आटपाडीला आहे, माण-खटावला आहे, पाटणच्या डोंगरात आहे. तिच्या डोळ्यावर सारा आलाय आणि ती म्हणते, "आता वय झालं, चालायचंच." चालायचंच कसं? चालताना ती पडते ना!

देशात २०१५ ते २०१९ या काळात सरकारनं अंधत्वाची पाहणी केली. पन्नाशीच्या पुढच्या माणसांत जे अंधत्व सापडलं, त्यातलं शंभरात सहासष्ट मोतीबिंदूमुळं. म्हणजे बऱ्या होणाऱ्या रोगामुळं. हा काही असाध्य रोग नाही. दहा-पंधरा मिनिटांचं ऑपरेशन आहे. तरी माणसं आंधळी बसून आहेत. मग ते आंधळेपण निसर्गाचं म्हणायचं का? वय निसर्गानं दिलं हे कबूल. पण दहा वर्षं दारात बसवून ठेवणं हे निसर्गानं केलेलं नाही.

आणि वयाचंही सगळ्यांचं सारखं नसतं. उन्हात राबणाऱ्याला मोतीबिंदू लवकर गाठतो. चुलीचा धूर, बिडी, मधुमेह, सगळं त्यात भर घालतं. उसाच्या फडात, वीटभट्टीवर, द्राक्षाच्या बागेत टोपी-चष्मा घालून कोण काम करतं? मालक. भट्टीच्या धगीकडं वर्षानुवर्षं बघणाऱ्या काच कामगारांना मोतीबिंदू होतो हे युरोपातल्या डॉक्टरांनी फार पूर्वी नोंदवून ठेवलंय. त्याला नावच काच फुंकणाऱ्यांचा मोतीबिंदू असं पडलं. आपल्या कराडजवळ ओगलेवाडीत काचेचा कारखाना होता. तिथला प्रभाकर कंदील घराघरात होता. त्या कंदिलाचा उजेड सगळ्यांनी वापरला. भट्टीपुढं कोण उभं होतं आणि त्याच्या डोळ्यांचं काय झालं, हा इतिहास कंदिलावर लिहिलेला नसतो.

आता थोडं मागं जाऊ. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात.

मिरजेत डॉक्टर वानलेस आले आणि १८९४ साली मिशनचं रुग्णालय उभं राहिलं. लांबलांबून माणसं तिथं यायची. पुढं १९६२ साली मिरजेत सरकारी मेडिकल कॉलेज झालं. १९७६ साली केंद्र सरकारनं अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. गावोगाव शिबिरं झाली, शाळेच्या वर्गात ऑपरेशनं झाली. त्या काळात काय करायचे? डोळ्यातलं गढूळ भिंग काढायचे आणि त्या जागी काहीच बसवायचे नाहीत. मग म्हाताऱ्याला दहा नंबरचा चष्मा द्यायचे. सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड. त्यातून समोरचं मोठं दिसायचं, बाजूचं दिसायचंच नाही, पायरी जिथं आहे तिथं वाटायची नाही. आणि तो चष्मा फुटला की संपलं. ऑपरेशन झालेला माणूस पुन्हा आंधळा. नातवानं चष्मा फोडला म्हणून आज्जा पुन्हा खाटेवर, असं आपल्या कितीतरी घरांत झालंय.

म्हणजे तेव्हा जगात भिंगच नव्हतं का? होतं की! लंडनमध्ये हॅरोल्ड रिडले नावाच्या डॉक्टरनं २९ नोव्हेंबर १९४९ रोजी माणसाच्या डोळ्यात पहिल्यांदा प्लास्टिकचं भिंग बसवलं. त्याला हे सुचलं कुठून? लढाईतून. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या पारदर्शक झाकणाचे तुकडे घुसायचे. रिडलेनं बघितलं की हे प्लास्टिक डोळा सहन करतो, काच घुसल्यासारखा सुजत नाही. ते प्लास्टिक म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. एवढं लांब नाव कोण घेणार? सगळे पीएमएमए म्हणतात. रिडलेनं त्याचं पेटंटही घेतलं नाही. त्याच्याच धंद्यातले मोठे डॉक्टर त्याच्यावर तुटून पडले, कित्येक वर्षं त्याला वेड्यात काढलं. पण भिंग टिकलं.

म्हणजे १९४९ साली भिंग निघालं आणि आमची म्हातारी १९८० साली सोड्याच्या बाटलीचा चष्मा लावून ठेचकाळत होती. ही तीस वर्षं कुणाच्या खात्यात लिहायची?

किंमत, दोस्तांनो. परदेशातून येणारं भिंग शंभर डॉलरच्या आसपास पडायचं. आणि आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांत असं म्हणणारे होते की गरीब देशातल्या गरीब माणसाला भिंग परवडायचं नाही, त्याला चष्माच बरा. बघा, भाषा ओळखीची वाटते ना? तुम्हाला शाळा नको, धंदेशिक्षण बरं. तुम्हाला विहीर नको, वाढलेलं पाणी बरं. तुम्हाला भिंग नको, चष्मा बरा.

हे तोडलं कुणी? मदुराईत डॉक्टर वेंकटस्वामींनी १९७६ साली अरविंद नेत्र रुग्णालय काढलं होतं. रिटायर झालेला माणूस, सांधेदुखीनं बोटं वाकडी झालेली. अकरा खाटांनी सुरुवात केली. १९९२ साली त्यांनी ऑरोलॅब नावाचा कारखाना काढला आणि भिंग इथंच बनवायला घेतलं. किंमत शंभरावरून दहा डॉलरवर आली, पुढं आणखी खाली आली. आज ते भिंग शंभराहून जास्त देशांत जातं. तिकडं नेपाळात काठमांडूच्या तिलगंगात डॉक्टर संदुक रुइट यांनी तेच केलं. प्लास्टिक तेच. यंत्रं तीच. फरक एवढाच की नफ्याचा आकडा आधी ठरवला नाही. मग जे शंभराला विकत होते ते काय विकत होते? प्लास्टिक विकत नव्हते, उजेड अडवून त्याचा टोल घेत होते.

१९९४-९५ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून सात राज्यांत मोतीबिंदूचा प्रकल्प आला, त्यात महाराष्ट्र होता. त्यानंतर सरकारी ऑपरेशनात भिंग बसवणं रूढ झालं. दहा नंबरचा चष्मा गेला. ही मोठी गोष्ट झाली, ती नाकारायची नाही. आपण नुसत्या शिव्या देणारे नाही. जिथं काम झालं तिथं झालं म्हणू.

पण जुनी दरी बुजली की नवी खणायची, ही इथली रीत आहे. आता दरी भिंग आणि बिनभिंग अशी राहिली नाही. आता दरी भिंगाभिंगात आहे.

नीट ऐका, कारण दवाखान्याच्या टेबलावर हे तुम्हाला कुणी सांगत नाही. भिंगं मुख्यतः दोन जातीची. एक कडक, एक घडीचं.

कडक म्हणजे पीएमएमए, रिडलेचंच. ते वाकत नाही. सहा मिलिमीटरचं भिंग आत घालायचं तर साधारण तेवढी वाट पाहिजे. म्हणून बुबुळाच्या बाजूला, पांढऱ्या भागात तिरका बोगदा करून सहा-सात मिलिमीटरची चीर घेतात. बोगदा तिरका असल्यानं आतल्या दाबानं तो आपोआप मिटतो, टाका लागत नाही. हे हातानं करायचं ऑपरेशन. याला मोठं यंत्र लागत नाही.

घडीचं म्हणजे ॲक्रिलिकचं मऊ भिंग. ते गुंडाळून पिचकारीतून आत सोडतात, आत गेल्यावर ते उलगडतं. त्याला अडीच मिलिमीटरच्या आसपास चीर पुरते. पण एवढ्याशा भोकातून आतलं जुनं भिंग बाहेर कसं काढणार? म्हणून ते अल्ट्रासाउंडनं फोडून ओढून घेतात. त्या यंत्राला फॅको म्हणतात. १९६७ साली अमेरिकेत डॉक्टर केलमन यांनी ते काढलं. या मऊ भिंगातही दोन पोटजाती. एक पाणी धरणारं, एक पाणी न धरणारं. पाणी धरणारं स्वस्त असतं, पण काही डोळ्यांत त्यावर चुन्यासारखा थर बसू शकतो. पाणी न धरणारं महाग.

आता यातला धंदा बघा. बाहेर पाटी असते, "बिनटाक्याचं ऑपरेशन". माणसाला वाटतं, टाका नाही म्हणजे महागडं ऑपरेशन. अरे, हातानं केलेल्या ऑपरेशनलाही टाका नसतो! मग आत एक बाई किंवा पोरगा दरपत्रक पुढं सरकवतो. साधं भिंग, चांगलं भिंग, फॉरेनचं भिंग. कोण आपल्या आईच्या डोळ्यात "साधं" घाल म्हणेल? पोरगा हप्त्यानं पैसे काढतो, सावकाराकडं जातो, मंगळसूत्र गहाण पडतं. "फॉरेनचं" म्हणजे नक्की काय, ते त्याला कळलेलं नसतं. मऊ भिंगं चेन्नईला बनतात, बडोद्याला बनतात, मदुराईला बनतात. परदेशातून आलं म्हणून नजर परदेशी होत नाही.

तर मग खरा फरक किती? हे आपल्याच महाराष्ट्रात मोजलं गेलंय. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात चारशे डोळ्यांवर चाचणी झाली. चिठ्ठी काढल्यासारखं निम्म्यांना फॅको, निम्म्यांना हातानं. निकाल २००५ साली छापून आला. सहा आठवड्यांनी बिनचष्म्यानं कामापुरतं बरं दिसणारे फॅकोत शंभरात एक्क्याऐंशी, हातानं केलेल्यांत एकाहत्तर. आणि योग्य चष्मा दिल्यावर? दोन्हीकडं शंभरात अठ्ठ्याण्णव. आता खर्च. त्याच रुग्णालयानं २००७ साली खर्चाचा हिशेब मांडला. फॅकोला रुग्णालयाचा सरासरी खर्च ४२.१० डॉलर, हातानं केलेल्याला १५.३४ डॉलर. पावणेतीन पट. त्याच साली नेपाळची चाचणी छापून आली, १०८ माणसं. सहा महिन्यांनी चष्म्यासह चांगलं दिसणारे दोन्हीकडं शंभरात अठ्ठ्याण्णव. हातानं करायला सरासरी नऊ मिनिटं, यंत्रानं साडेपंधरा.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि दोन्ही घट्ट धरायच्या. पहिली, कडक भिंग हे हलकं भिंग नाही. ते सगळ्यांत जास्त वर्षं पारखलेलं भिंग आहे. तुमच्या आज्जीच्या डोळ्यात ते असेल तर तिला फसवलं असं समजू नका. शिवाय आपली माणसं उशिरा येतात, मोती पिकून दगड झाल्यावर येतात. असा कडक झालेला मोतीबिंदू हातानं काढणं कितीदा जास्त सुरक्षित पडतं. दुसरी, मऊ भिंगाचा फायदा थापा नाही. चीर लहान, बुबुळाचा आकार कमी बिघडतो, डोळा लवकर सावरतो, चष्म्याची गरज कमी लागते. ते शंभरातले दहा जण खरे आहेत. जे बाई निंदणीला जाते, तिला चष्मा घामानं घसरतो, तिला त्या फरकाची किंमत आहे. लवकर कामावर जायची गरज बँकेतल्या साहेबाला आहे का रोजंदारीवरच्या बाईला? साहेबाला पगारी रजा असते. लवकर बरं होणारा डोळा खरं तर रोजंदारीवाल्याला आधी मिळायला पाहिजे. मिळतो कुणाला? उलट.

आणि हेही ध्यानात घ्या की नुसत्या मालावर नजर ठरत नाही. भिंगाची कड गोल आहे का चौकोनी, यावर पुष्कळ ठरतं. भिंग बसवलं की काही महिन्यांनी, वर्षांनी मागची पिशवी पुन्हा गढूळ होऊ शकते. मग लेसर करावं लागतं. चौकोनी कडेचं भिंग ते कमी होऊ देतं, आणि कडक भिंगालाही चौकोनी कड देता येते. त्याहून महत्त्वाचं, भिंगाचा नंबर. प्रत्येक डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा बाक मोजून नंबर काढावा लागतो. न मोजता सगळ्यांना एकच नंबर ठोकला तर भिंग सोन्याचं असलं तरी दिसणार धूसर. म्हणून "कुठलं भिंग घातलं" याच्या आधी "मोजलं का" हा प्रश्न विचारायचा.

आता पर्यावरणाकडं येतो. हसू नका. पर्यावरण म्हणजे बंगल्यातल्या बायकांचा छंद, असं आपल्यातले काही जण म्हणतात. मागचे दोन पूर आठवा, २०१९ चा आणि २०२१ चा. कृष्णेचं पाणी आधी कुणाच्या घरात शिरलं? हवा बिघडवतो एक, बुडतो दुसरा.

तर हिशेब असा. इंग्लंडच्या बाजूला वेल्समध्ये कार्डिफला मोजलं, ते २०१३ साली छापून आलं. एका डोळ्याच्या फॅको ऑपरेशनमागं १८० किलोच्या आसपास कार्बन. अरविंदमध्ये मोजलं, ते २०१७ साली छापून आलं. तेच फॅको ऑपरेशन, सहा किलोच्या आसपास कार्बन. आणि कचरा एका ऑपरेशनला पाव किलो, त्यातलाही दोन तृतीयांश पुन्हा वापरात जाणारा. तुमच्या भाषेत सांगतो. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन वायू निघतो. मदुराईचं ऑपरेशन म्हणजे मोटरसायकलवर सांगलीहून साताऱ्याला एकदा जाणं. कार्डिफचं ऑपरेशन म्हणजे तेच अंतर तीस वेळा कापणं. डोळा तोच. मोतीबिंदू तोच. यंत्रसुद्धा तेच.

मग फरक आला कुठून? भिंगाच्या प्लास्टिकमधून? ती चकती गुंजेच्या पाव हिश्श्याएवढी! कार्डिफच्या हिशेबात निम्म्याहून जास्त कार्बन हा खरेदी केलेल्या मालातून आला. एकदा वापरून फेकायच्या वस्तू. कागदी गाऊन, चादरी, नळ्या, ट्रे. भिंगाभोवती खोका, खोक्यात पाकीट, पाकिटात डबी, आणि वर दहा भाषांत छापलेला कागद, जो कुणी वाचत नाही. मऊ भिंगाला पिचकारी लागते, ती बहुधा प्लास्टिकची, एका डोळ्यापुरती. कडक भिंग चिमट्यानं बसतं, चिमटा वाफेत शिजवून पुन्हा वापरता येतो. तेव्हा भिंगाच्या जातीमुळं फरक पडतो तो असा, भिंग स्वतःमागं कोणकोणतं सामान ओढून आणतं त्यानं. पण अरविंदनं दाखवलं की फॅको करूनही, कापडी गाऊन धुऊन, हत्यारं वाफवून, औषधाची बाटली वाया न घालवता काम करता येतं.

लगेच कुणीतरी म्हणेल, म्हणजे काटकसर करून जंतू घालता का डोळ्यात? ठीक. तेही बघू. अरविंदच्या सहा लाखांहून जास्त ऑपरेशनांचा हिशेब २०१७ साली आला. डोळ्याच्या आत शेवटी एक जंतुनाशक सोडायला लागल्यावर आतल्या संसर्गाचं प्रमाण दहा हजारांत सातवरून दोनवर आलं. म्हणजे धुऊन वापरणं धोक्याचं नाही. धोका कशाचा असतो? २०१४ साली पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यात शिबिरात डझनावारी माणसांची नजर गेली. २०१९ साली मुंबईत जोगेश्वरीच्या पालिका रुग्णालयात ऑपरेशननंतर पाच जणांची दृष्टी गेली. २०२१ साली बिहारात मुझफ्फरपूरला एवढा संसर्ग झाला की माणसांचे डोळे काढून टाकावे लागले. शिबिरात आलेली ही गरीब माणसं भिंग स्वस्त होतं म्हणून आंधळी झाली नाहीत. निर्जंतुक करायची शिस्त मोडली की हे होतं. काटकसर वेगळी आणि गलथानपणा वेगळा. गरिबाच्या वाट्याला गलथानपणा येतो आणि त्याला काटकसर म्हणतात, हे खपवून घ्यायचं नाही.

आता मी तुम्हाला एका सापळ्यापासून सावध करतो. उद्या कुणी शहाणा येईल आणि म्हणेल, "बघा, कडक भिंग स्वस्त, पर्यावरणाला बरं, तेव्हा गरिबांनी तेच घ्यावं." आणि स्वतः मात्र महागडं घालून मोकळा होईल. हे चालणार नाही! पृथ्वी वाचवायची जबाबदारी ज्यांनी ती कमीत कमी नासली त्यांच्या डोळ्यांवर टाकायची, हा नवा मनू आहे. दुसरा सापळा उलटा, "कडक भिंग म्हणजे दुय्यम, तुम्ही दुय्यम नागरिक आहात का? कर्ज काढा, महागडं घाला." हा स्वाभिमानाचा धंदा आहे. आपला स्वाभिमान विकायला काढून आपल्यालाच विकत देतात. दोन्ही सापळे ओळखा. आपली मागणी एकच, डोळा बघून भिंग ठरवा, आणि जे ठरेल ते सगळ्यांना द्या.

आणखी एक प्रश्न. ऑपरेशन झालं. डॉक्टर हात धुऊन गेला. नळ्या, बोळे, पिचकाऱ्या, सुया राहिल्या. त्या कोण उचलतं? २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत पिवळी पिशवी, लाल पिशवी, सुयांसाठी पांढरा डबा, काचेसाठी निळा डबा असं सगळं रंगीत लिहिलंय. पिशवीला रंग आहे. ती उचलणाऱ्या हाताला जात आहे. कंत्राटी सफाई कामगाराची यादी काढा कुठल्याही शहरातली आणि आडनावं वाचा. त्याच नियमात लिहिलंय की हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला काविळीच्या आणि धनुर्वाताच्या लसी द्यायच्या, हातमोजे-बूट द्यायचे. किती जणांना मिळतात ते विचारा. म्हणजे ऑपरेशनचा कचरा कमी करणं हा आपल्यासाठी ध्रुवावरच्या बर्फाचा प्रश्न नाही. आपल्या भावाच्या बोटात घुसणाऱ्या सुईचा प्रश्न आहे.

शेवटी वाटेचं बोलतो. १९०१ साली साताऱ्याहून निघालेली भीमरावांची भावंडं मसूर स्टेशनावर उतरली आणि जात कळल्यावर गाडीवान त्यांना गाडीत घेईना. दुप्पट पैसे देऊन, बैलगाडी स्वतः हाकत पोरं गेली, रात्रभर पाण्यावाचून. आज एसटी सगळ्यांना घेते. पण उमदीहून मिरज शंभर किलोमीटरच्या पुढं. म्हसवडहून साताऱ्याला जायचं तर सकाळ गेलीच. एक खेप तपासायला, एक ऑपरेशनला, मग आठवड्यानं, मग महिन्यानं चष्म्याला, आणि पिशवी गढूळ झाली तर लेसरला. दरवेळी सोबत एक माणूस, दरवेळी दोघांचा रोज बुडतो. ऑपरेशन "मोफत" असतं, खेपा मोफत नसतात. बाई असली तर तिला न्यायला घरात कुणालाच सवड नसते. मग ती बसून राहते. डिझेलही जळतं, मजुरीही जळते. तालुक्याला तपासणी आणि नंतरची देखभाल झाली तर दोन्ही वाचतं. इथं पर्यावरण आणि गरिबाचा खिसा एकाच बाजूला उभे आहेत, भांडण लावू देऊ नका.

साताऱ्याच्या सरकारी रुग्णालयाला क्रांतिसिंह नाना पाटलांचं नाव आहे. सांगलीच्या रुग्णालयाला वसंतदादांचं. २०१७ साली "मोतीबिंदूमुक्त महाराष्ट्र" अशी मोहीम निघाली. नावं मोठी, घोषणा मोठ्या. मोतीबिंदूपासून मुक्ती एकदा मिळून संपत नसते, दरवर्षी नवी माणसं म्हातारी होतात. म्हणून पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं शिबिर नको, फ्लेक्सवरचा हात जोडलेला फोटो नको. बारमाही डोळ्याचा विभाग पाहिजे. तो दानाचा नाही, हक्काचा आहे.

मागण्या लिहून घ्या.

एक. भिंगाच्या डबीत चिकटवायची चिठ्ठी असते. तिच्यावर भिंगाचं नाव, नंबर, अनुक्रमांक, मुदत सगळं असतं. ती माणसाच्या कार्डावर चिकटवून त्याच्या हातात मिळाली पाहिजे, आणि वाचता येत नसेल तर वाचून दाखवली पाहिजे.

दोन. प्रत्येक डोळा मोजल्याशिवाय ऑपरेशन नाही, शिबिरातलं असलं तरी.

तीन. हृदयातल्या स्टेंटच्या किमतीला सरकारनं २०१७ साली कमाल मर्यादा घातली, गुडघ्याच्या सांध्यालाही घातली. मग भिंगाच्या किमतीलाही घाला. दरपत्रकावरची "साधं, चांगलं, फॉरेनचं" ही वर्णव्यवस्था मोडा.

चार. सरकारी रुग्णालयात दोन्ही ऑपरेशनं आणि दोन्ही भिंगं पाहिजेत, कुठलं ते डोळा ठरवील. ज्याला नंतर चष्मा लागतो त्याला तो त्याच हिशेबात फुकट.

पाच. जे सुरक्षितपणे धुऊन वापरता येतं ते वापरा, जंतूंचा हिशेब दर महिन्याला भिंतीवर लावा. आणि कचरा उचलणाऱ्याला कायम नोकरी, लस, हातमोजे.

आता तुमचं काम. या सुट्टीत गावी जाल तेव्हा एक वही घेऊन जा. वस्तीतल्या साठीच्या पुढच्या प्रत्येक माणसाकडं जा. कुठला डोळा, कधी ऑपरेशन झालं, कुठं झालं, पैसे किती गेले, चिठ्ठी आहे का, चष्मा मिळाला का, आता बोटं मोजता येतात का, एवढं विचारा. ज्याचं झालेलं नाही त्याचं नाव वेगळ्या पानावर लिहा आणि त्याला गाडीत बसवून न्यायची तारीखही तिथंच लिहा. दोन जिल्ह्यांतून अशा पन्नास वह्या आल्या की आपण त्या कलेक्टरच्या टेबलावर ठेवू. साताऱ्याच्याही आणि सांगलीच्याही. १९४९ पर्यंत हा एकच जिल्हा होता, सांगली म्हणजे दक्षिण सातारा. सरकारनं फोडला तरी दुखणं एकच राहिलंय.

पहिली वही पुढच्या बैठकीला पाहिजे.

जय भीम!